देवघेव विभागातली शिफारस

‘जैत रे जैत’ ही गो. नी. दांडेकरांची कादंबरी ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या कपाटात असते. त्याच गोनीदांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ बहुधा प्रवासवर्णनांत मिळते. जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’वरून १९७७ साली केलेल्या चित्रपटाविषयी काही वाचायचं तर तिसऱ्याच दालनात जावं लागतं, आणि त्याची गाणी लिहिणाऱ्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ कवितेच्या कपाटात. ड्यूई दशांश पद्धत पाळणाऱ्या ग्रंथालयात ही ताटातूट आकड्यांतच दिसते: चित्रपट ७९१.४३, मराठी साहित्य ८९१.४६, प्रवास ९१० आणि पुढे. ज्याला ‘जैत रे जैत’मधला राणीमाशीच्या ध्यासानं पेटलेला नाग्या आवडला, त्याला या चारही ठिकाणी जायचं असतं. त्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. पत्ता असतो तो देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाकडे.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा दुसरा सिद्धान्त सगळ्यांना पटकन पटतो. तिसरा मला अधिक मोलाचा वाटतो: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत त्यांनी उभी केली, तरी संदर्भसेवेचा, म्हणजे वाचक आणि पुस्तक यांची माणसानं गाठ घालून देण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

ही गाठ कशी घातली जाते, ते संध्याकाळी सहाच्या सुमारास पुस्तक बदलायला गेलं की दिसतं. वाचक विचारतो, “नवं काय आलंय?” चांगल्या ग्रंथपाल बाई त्याचं उत्तर लगेच देत नाहीत. परत आलेलं पुस्तक उघडून मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शिक्का मारता मारता त्या विचारतात, “काका, हे कसं वाटलं? पूर्ण झालं का?” काका म्हणतात, “शेवटी शेवटी कंटाळा आला, पण जंगलाचं वर्णन छान होतं.” एवढं वाक्य त्यांना पुरतं. कोणतं पुस्तक दोन दिवसांत परत येतं, कोणतं मुदत वाढवून घेतलं जातं, कोणत्या पुस्तकानं शिवण सुटेपर्यंत हात बदलले, हे त्या रोज पाहतात. त्यांना काही विकायचं नसतं. विक्रीच्या याद्यांपेक्षा त्यांच्या सांगण्यावर मी अधिक विसंबतो, ते यामुळेच.

निसर्गाची पुस्तकं सुचवताना तर माणूस हवाच, कारण ती विखुरलेली असतात. मारुती चितमपल्ली ललितमध्ये आणि सालिम अलींचा १९४१ साली पहिल्यांदा निघालेला पक्षिग्रंथ विज्ञानात. दोन्ही बरोबर न्यावेत. चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून रान शिकून घेतलं. त्यांच्या लेखनातला पक्षी गावच्या नावानं, गावच्या समजुतींसह येतो. सालिम अलींकडे त्याच पक्ष्याची मापं, रंग, घरटं सापडतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’लाही असाच जोडीदार आहे. वानरांच्या टोळीवरच्या या छोट्या कादंबरीला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोळी जिंकणाऱ्या नराची हिंसा वाचून अनेकांना ती लेखकाची कल्पना वाटते. पण युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं १९६०च्या दशकात धारवाडजवळच्या वानरांत नव्या नराकडून पिल्लांची हत्या नोंदवली होती. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. हे ठाऊक असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून ‘सत्तांतर’ घेणारा वाचक वेगळ्या तयारीनं ते वाचतो.

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ची शिफारस करताना मात्र एक पथ्य सांगायला हवं: सलग वाचू नका. महिन्याला एक असे बारा लेख आहेत. चालू महिन्याचा लेख वाचावा, खिडकीबाहेरचं झाड पाहावं, पुस्तक परत करावं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागावं.

प्रवासवर्णनात प्रश्न आवृत्तीचा येतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, गंगेची कावड घेऊन परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापला, पण मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे भटजींचा खरा आवाज, त्यांची भीती आणि भाबडेपणा पोतदारांच्या प्रतीत ऐकावा. तालिकेत दोन्ही नोंदी एकाच नावाखाली असतात. कोणती प्रत काढून द्यायची, हे माणूसच सांगू शकतो. त्याला लागून पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९चं पुस्तक द्यावं. एक माणूस दक्षिणेसाठी निघालेला आणि एक बाई दुसऱ्या समाजाची व्यवस्था न्याहाळायला. दोघांचं मराठी गद्य आजही ताजं आहे.

जुन्या चित्रपटांच्या शिफारशीला मोठी परंपरा पुण्यातच आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांपासूनची रिळं मिळवून जपली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती लोकांना दाखवली. फिल्म सोसायट्यांना प्रती देणारं वितरण ग्रंथालय तिथे चाललं. नायर आणि पुण्याच्याच चित्रपटसंस्थेतले प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या मदतीनं कर्नाटकातल्या हेग्गोडू गावी, के. व्ही. सुबण्णांच्या नीनासममध्ये, शेतकऱ्यांनी राय, कुरोसावा आणि डी सिका पाहिले, कन्नडमधून समजावून घेत. ‘संत तुकाराम’ कुणी सुचवला नाही म्हणून न पाहिलेली पिढी आपल्याकडे आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दामले-फत्तेलाल यांच्या या १९३६च्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आजच्या प्रेक्षकाला मी तो गौरींच्या जिजाईसाठी पाहायला सांगेन. संतापणारी, राबणारी, नवऱ्यावर जीव टाकणारी ही बाई एकदाही खोटी वाटत नाही.

हे सगळं करणाऱ्या माणसाला वाचायला वेळ मिळतो का? १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदानावर चालणाऱ्या आपल्या वाचनालयांत, विशेषतः क आणि ड वर्गांत, एकच माणूस दाखल नोंदी करतो, वर्गणी घेतो, कपाटं पुसतो, अनुदानाचे कागद भरतो, आणि त्याला मिळणारी रक्कम लाजिरवाणी असते. त्याच्याकडून शिफारशीची अपेक्षा करायची तर त्याच्या कामाच्या वेळेत वाचनाचा तास धरला पाहिजे, आणि त्याचे पैसे दिले पाहिजेत.

त्यासोबत एक लहान गोष्ट लगेच जमण्यासारखी आहे. अनेक वाचनालयांना सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे. परवानगी घेऊन तिथे एका शनिवारी अमोल पालेकरांचा १९९५चा ‘बनगरवाडी’ दाखवावा. दाराशी टेबल मांडून माडगूळकरांच्या मूळ कादंबरीच्या, ‘सत्तांतर’च्या आणि ‘नागझिरा’च्या वाचनालयात असतील तेवढ्या प्रती ठेवाव्यात, प्रत्येकीत कर्मचाऱ्याच्या हस्ताक्षरातली दोन ओळींची चिठ्ठी, खाली त्याचं नाव. आणि चित्रपट संपल्यावर देवघेव विभाग अर्धा तास उघडा ठेवावा.