खेळाडूंचे डॉक्टर व्हायचे, तर रेसिडेन्सी कशी निवडावी?

खेळाडूंचा डॉक्टर म्हटले की गुडघ्याची शस्त्रक्रिया करणारा सर्जन डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात खेळातील बहुतेक दुखापतींना शस्त्रक्रिया लागतच नाही. मुरगळलेला घोटा, अतिसरावाने दुखावलेला खांदा, डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात कधी उतरायचे हा प्रश्न, धावताना उसळणारा दमा किंवा मधुमेह सांभाळून मॅरेथॉन धावू पाहणारा पन्नाशीचा गृहस्थ, अशा रुग्णांना सर्जनपेक्षा वेगळा डॉक्टर हवा असतो. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांमध्ये फॅमिली मेडिसिनमधून आलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. यूएसएमएलई देऊन तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील एमबीबीएस पदवीधरांनीही हा मार्ग नीट समजून घ्यायला हवा.

मार्ग असा आहे. आधी तीन वर्षांची फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सी, मग साधारण एक वर्षाची स्पोर्ट्स मेडिसिन फेलोशिप आणि शेवटी या उपशाखेची परीक्षा. ही परीक्षा १९९३पासून घेतली जाते. इंटर्नल मेडिसिन, बालरोग, आपत्कालीन वैद्यक किंवा पुनर्वसन वैद्यक या शाखांतूनही फेलोशिपकडे जाता येते. पण सर्वाधिक फेलोशिप फॅमिली मेडिसिन विभागांशी जोडलेल्या आहेत.

हाती दोनच वर्षे

खरी अडचण वेळेची आहे. रेसिडेन्सी तीन वर्षांची असली, तरी फेलोशिपचा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावा लागतो. म्हणजे या विषयाची आवड कामातून दाखवायला आणि शिफारसपत्र देऊ शकतील असे शिक्षक मिळवायला हातात जेमतेम दोन वर्षे उरतात. त्यामुळे स्पोर्ट्स मेडिसिनचे ऐच्छिक महिने पहिल्या-दुसऱ्या वर्षात मिळतात की तिसऱ्या वर्षावर ढकलले जातात, हे मुलाखतीत आवर्जून विचारावे.

ज्या रुग्णालयाची स्वतःची फेलोशिप आहे तीच रेसिडेन्सी उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तिथे जाणकार शिक्षक, चालू बाह्यरुग्ण विभाग आणि स्थानिक संघांशी जुने संबंध आयते मिळतात. मात्र सांध्यात इंजेक्शन देण्याची किंवा सोनोग्राफीने स्नायुबंध तपासण्याची संधी आधी फेलोला मिळते आणि रेसिडेंट बाजूला उभा राहून पाहतो, असेही होऊ शकते. उलट फेलोशिप नसलेल्या ठिकाणी या विषयात प्रमाणित असलेला, शिकवण्याची हौस असणारा एकच शिक्षक मिळाला, तरी हाताला भरपूर काम मिळू शकते. म्हणून ‘फेलोशिप आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. रेसिडेंट स्वतःच्या हाताने काय करतो आणि गेल्या काही वर्षांत इथले किती जण फेलोशिपला गेले, हेही विचारावे. याचे खरे उत्तर तिथल्या सध्याच्या रेसिडेंटकडून मिळते.

मैदानावरचा अनुभवही पाहावा. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला मैदानाच्या कडेला थांबणे, संघाच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरबरोबर काम करणे, मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत उभे राहणे हे सारे या शिक्षणाचा भाग आहे. सुटे दहा सामने पाहण्यापेक्षा एकाच संघाबरोबर पूर्ण हंगाम काढला, तर दुखापतीपासून पुनरागमनापर्यंतचा प्रवास पाहायला मिळतो.

पाया फॅमिली डॉक्टरचाच

तरीही केवळ खेळाकडे पाहून रेसिडेन्सी निवडणे धोक्याचे आहे. लांब पल्ल्याची एखादी तरुण धावपटू नडगीच्या हाडाला वारंवार बारीक तडा जातो म्हणून येते. एमआरआयमध्ये तडा दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. खाणे अपुरे, पाळी कित्येक महिने बंद, झोप आणि मन दोन्ही बिघडलेले, ही गोष्ट विचारल्यावरच कळते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये या ऊर्जा-तुटवड्याच्या विकाराला ‘रेड-एस’ हे नाव दिले. तो ओळखायला आहार, स्त्रीरोग, संप्रेरके आणि मानसिक आरोग्य यांची एकत्र जाण लागते. प्रसूतीपासून वार्धक्यापर्यंतचे रुग्ण पाहणारी भक्कम रेसिडेन्सी नेमकी हीच जाण देते.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. फेलोशिप मिळेलच याची खात्री नसते आणि मिळाली तरी पुढे अनेक डॉक्टर आठवड्याचे काही दिवस फॅमिली मेडिसिनचीच प्रॅक्टिस करतात. परदेशी पदवीधरांना व्हिसाचाही विचार करावा लागतो. जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतल्यास नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास ती माफ होऊ शकते आणि अशा भागांत मागणी असते ती मुख्यतः प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. म्हणजे फेलोशिपनंतरही काही काळ उपजीविका फॅमिली डॉक्टर म्हणूनच करावी लागण्याची शक्यता धरून चालावे.

रेसिडेन्सीसाठी पसंतिक्रम भरताना म्हणूनच प्रत्येक नावापुढे स्वतःला एक प्रश्न विचारावा : फेलोशिप मिळाली नाही, तरी इथली तीन वर्षे सार्थकी लागतील का? ज्या ठिकाणाबद्दल मन निःशंकपणे ‘हो’ म्हणेल, तेच नाव वर ठेवावे.