मत्स्यालयातील छायाचित्रण

मत्स्यालयातील छायाचित्रण म्हणजे काचेच्या टाकीतील माशांची टाकीबाहेरून छायाचित्रे घेणे होय. माशाकडून येणारा प्रकाश पाणी (अपवर्तनांक सुमारे १.३३), काच (सुमारे १.५) आणि हवा या माध्यमांतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. काचेतून तिरपे पाहिल्यास निरनिराळ्या रंगांचे किरण किंचित वेगळ्या कोनांत वळतात. त्यामुळे प्रतिमा पुसट होते व कडांना रंगीत झालर दिसते. म्हणून भिंग काचेच्या अगदी समोर, तिच्या पृष्ठभागाशी काटकोनात धरतात.

परावर्तन
काच आधी स्वच्छ पुसून खोलीतील दिवे मालवतात. भिंगाभोवतीचे रबरी आवरण काचेला टेकवल्यास परावर्तन जवळजवळ नाहीसे होते. पोलरायझिंग फिल्टर काचेच्या लंबाशी सुमारे ५६° कोनात सर्वाधिक प्रभावी असतो; समोरून चित्र घेताना त्याने परावर्तन घटत नाही, उलट प्रकाश मात्र कमी होतो.

प्रकाश आणि वेग
पोहणारा मासा रेखीव दिसण्यासाठी शटरचा वेग साधारणतः १/१२५ सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतात. कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा झोत काचेवरून थेट भिंगात परततो. म्हणून स्वतंत्र फ्लॅश टाकीच्या वरून किंवा बाजूने तिरपा वापरतात. बहुतेक माशांना पापण्या नसल्याने तीव्र प्रकाशापासून त्यांना डोळे झाकता येत नाहीत. अनेक सार्वजनिक मत्स्यालयांत फ्लॅश वापरण्यास व काचेवर टकटक करण्यास मनाई असते.