फोर्कलिफ्ट का उलटते?

भिवंडीच्या गोदामांतून माल हलवणारी फोर्कलिफ्ट म्हणजे आपण वर्गात शिकवतो ती पहिल्या प्रकारची तरफच. पुढच्या चाकांचा आस हा टेकू. काट्यांवरच्या मालाला तोलून धरायला गाडीच्या पाठीमागे लोखंडाचे जड वजन बसवलेले असते.

समजा, मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या बुडापासून ५० सेंमीवर असताना गाडीची क्षमता १५०० किलो आहे, आणि काट्यांचे बूड आसाच्या ४० सेंमी पुढे आहे. भार व अंतर यांचा गुणाकार १५०० × ०.९ = १३५०. आता खोका लांबट आला, गुरुत्वमध्य ८० सेंमीवर गेला. टेकूपासूनचे अंतर १.२ मीटर झाले, म्हणजे क्षमता उरली ११२५ किलो. पाटीवरचा १५०० चा आकडा तेवढाच वाचून माल उचलला, तर मागची चाके हलकी होतात. आणि या गाडीचे स्टीअरिंग मागच्याच चाकांना असते!

तोंडावर पडण्यापेक्षा कुशीवर पडणे चालकाला अधिक जीवघेणे. मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता ठेवलेला असतो. त्यामुळे चार चाके असूनही गाडी तिवईसारखी तीन बिंदूंवर उभी असते: पुढची दोन चाके आणि ती खीळ. उभ्या गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणात पडला पाहिजे. वळणावर त्यात बाहेर ओढणाऱ्या जोराची भर पडते. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट होतो. काटे उंच असतील तर गुरुत्वमध्यही वर चढतो.

भरलेली गाडी लवकर कलंडेल की रिकामी? विद्यार्थी बहुधा 'भरलेली' म्हणतील. पण माल उतरवला की गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. तेथे बाजूची कड जवळ येते. काटे खाली असतानाही रिकामी गाडी भरधाव वळवली तर उलटू शकते, ते यामुळे.

गाडी कलंडू लागली की उडी मारावीशी वाटणे स्वाभाविकच. मात्र माणूस बहुधा गाडी पडते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरचे संरक्षक छप्पर त्याच्याच अंगावर येते. म्हणून पट्टा बांधलेला हवा. स्टीअरिंग घट्ट धरायचे, पाय रोवायचे, पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचे आणि आतच राहायचे. नुसती 'उडी मारू नका' अशी पाटी लावून हे साधत नाही, कारण सूचना सहज प्रवृत्तीच्या उलट आहे. छपराचा मार्ग फळ्यावर काढून दाखवला तर ती पटते, असे आम्हाला वाटते.