सल्ला अनुभवी माणसाचा, पण कोणत्या सालचा?

निवृत्तीची रक्कम बँकेत जमा झाली, की ती बातमी पासबुकात नोंद होण्याआधीच गावात पोहोचते. आमच्याकडेही तसेच झाले. चाळीसगावात एक प्लॉट घेऊन ठेवावा, असा घरात विचार चालू होता आणि सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. ज्यांनी स्वतःचे पैसे घालून चार-पाच व्यवहार केले आहेत, त्यांनाच विचारायचे, असे मी ठरवले. दलालांना वगळले. सौदा झाला तरच ज्याला दलाली मिळते, तो ‘घेऊ नका’ कशाला म्हणेल?

पहिले भेटले ते रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. चाळीसगाव हे जंक्शन. मुंबई-भुसावळ मार्गावरून धुळ्याचा फाटा इथेच फुटतो. नोकरीसाठी आलेली आणि इथलीच झालेली कुटुंबे त्यामुळे बरीच. भावाबद्दल काका चकार शब्द बोलले नाहीत. “एकतीस ऑगस्टला पाणी कुठवर आलं होतं, ते आधी बघा,” एवढेच म्हणाले. साल सांगायची गरज नव्हती. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांना आलेला पूर इथे कोण विसरेल? “आणि हे विकणाऱ्याला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.”

मी गेलो. शेजारच्या बाईंनी काही न बोलता भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर हात ठेवला. तो प्लॉट तिथेच संपला. पूररेषेची चौकशी नगरपरिषदेत करता येते, करावीही. पण बाईंचा हात जास्त लवकर कळतो.

दुसरा प्लॉट उंचावर होता. त्यासाठी एका जुन्या आडत्याकडे गेलो. यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात, म्हणून मी त्यांना अडकलेल्या व्यवहाराबद्दल विचारले. शेठजी हसले आणि मग तासभर बोलले. एक जमीन त्यांनी स्वस्तात घेतली होती. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले होते, तिकडे लक्षच गेले नाही. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि त्या परवानगीपायी त्यांची कित्येक वर्षे गेली. “स्वस्त का आहे, हे विचारल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये,” ते म्हणाले. नुसत्या मुखत्यारपत्रावर जागा घेणाऱ्यांचीही त्यांनी खिल्ली उडवली. ते बरोबरच आहे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग मी त्यांना प्लॉटची कागदपत्रे दाखवली. प्लॉट विक्रेत्याच्या वडिलांच्या शेतातून पडलेला, बिनशेतीचा आदेश झालेला. वडिलांमागे वारस म्हणून दोन भावांची नावे लागलेली. शेठजींनी कागद चाळले. “दोघा भावांच्या सह्या घ्या, झालं काम!”

इथे मात्र मी थबकलो. शेठजींचे मोठे व्यवहार ऐंशीच्या दशकातले. तेव्हा बहिणीला कोणी विचारत नसे. पण वडिलांच्या स्वकष्टाच्या जमिनीत मुलगी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. सातबारा हा महसुली उतारा आहे. त्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. शिवाय दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला, म्हणजे मालकीची हमी मिळाली असेही नाही.

वकिलांनीही तेच सांगितले. विक्रेत्याला विचारले तेव्हा कळले, की बहीण आहे, पाचोऱ्याला दिलेली. “ती काही मागायची नाही हो,” तो म्हणाला. नसेल मागत. तिने खरेदीखतावर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे, आणि तिला तिच्या वाट्याचे काय सांगितले आहे ते माझ्यासमोर सांगावे, असा मी आग्रह धरला. त्याला राग आला. नाशिकचे गिऱ्हाईक तयार आहे, असेही त्याने ऐकवले. घरातही कुरबूर झाली. हा प्लॉट सर्वांनाच आवडला होता.

बहीण आखाजीला माहेरी येणार आहे. इसाराचे पैसे तोवर बँकेतच आहेत.