वेगमापकाची पारख

भिलाई हे मोजमापाचे गाव आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून आगगाडीचे रूळ म्हटले की भिलाईचे नाव ओठांवर येते. रूळ कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी त्याची उंची, रुंदी आणि सरळपणा तपासला जातो. मिलिमीटरच्या अंशाचाही तेथे हिशेब असतो. परंतु हा हिशेब ठेवणारा कामगार पाळी संपवून मोटारसायकलवर बसला, की समोरच्या तबकडीतील काटा सांगेल तो वेग बिनतक्रार मान्य करतो. वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का असतो, मनगटावरचे घड्याळ आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून घेता येते. वेगमापकाची पारख मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक ती करण्यास एक घड्याळ, एक सोबती आणि रस्त्याकडेचे दगड एवढेच साहित्य पुरते.

पारख करण्यापूर्वी यंत्राची ओळख करून घेणे बरे. जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींत चाकापासून एक केबल तबकडीपर्यंत येते. ती तबकडीमागील लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती अल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. चुंबकाचा तिला स्पर्श होत नाही. परंतु तो फिरू लागला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. ही ओढ आणि हा ताण जेथे समतोल होतात, तेथे काटा थांबतो. ऑटो शुल्झ या जर्मन संशोधकाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत केबलची जागा विजेच्या स्पंदांनी घेतली आहे. परंतु तेथेही मोजले जातात ते चाकाचे किंवा त्याला जोडलेल्या दंतचक्रांचे फेरेच. रस्ता प्रत्यक्ष कोणीच मोजीत नाही.

चुकीचा उगम येथेच आहे. एकोणीस इंची चाकाचा, सव्वातीन इंची टायरचा परीघ सुमारे दोन मीटर भरतो. म्हणजे किलोमीटरमागे चाकाचे जवळजवळ पाचशे फेरे होतात. टायर झिजून त्रिज्या पाच मिलिमीटरने घटली, तर परीघ तीन सेंटिमीटरने कमी होतो आणि काटा सुमारे दीड टक्का अधिक वेग दाखवतो. उलट, हौसेने मोठा टायर बसवला तर चाक कमी फेरे घेते आणि काटा खऱ्या वेगाच्या मागे राहतो. शिवाय चुंबक क्षीण झाला तर काटा कमी सांगतो. स्प्रिंग सैल झाली तर जास्त. भिलाईच्या मे महिन्याचाही यात वाटा असतो. तापमान एका अंशाने वाढले की अल्युमिनियमचा विद्युत्‌रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि वाटीवरील ओढ तितकी कमी होते. म्हणून कुशल निर्माते चुंबकाजवळ अशा मिश्रधातूचा तुकडा बसवतात, की जो उष्णतेतील ही घट भरून काढतो.

आता प्रत्यक्ष परीक्षा. भिलाईहून दुर्गमार्गे राजनांदगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शिवनाथ नदी ओलांडल्यावर, पहाटेची विरळ रहदारी पाहून ती करता येईल. प्रथम टायरमध्ये ठरलेल्या दाबाची हवा भरावी. मागच्या सोबत्याने घड्याळ आणि दगड सांभाळावेत. चालकाने रस्ता सोडून फक्त काट्यावर ओझरती नजर ठेवावी. काटा साठावर स्थिर झाल्यावर एका दगडापासून वेळ मोजण्यास आरंभ करावा. काटा खरा असेल तर पुढचा दगड बरोबर साठ सेकंदांनी येईल. चाळिसाच्या वेगास नव्वद सेकंद लागतात, पन्नासाच्या वेगास बहात्तर. सूत्र सोपे आहे: छत्तीसशेला सेकंदांनी भागावे, येईल तो खरा वेग. साठ दाखवीत असता सहासष्ट सेकंद लागले, तर खरा वेग साडेचोपन्न होय.

वारा किंवा चढ यांमुळे ही परीक्षा बिघडेल अशी शंका अनेकांस येते. ती निराधार आहे. काटा स्थिर राखला की झाले. खरी अडचण बोटाची. घड्याळ चालू-बंद करताना एका सेकंदाची चूक झाली, तर एका किलोमीटरात ती जवळजवळ पावणेदोन टक्के ठरते. पाच किलोमीटरांवर तीच चूक एक-तृतीयांश टक्का उरते. रस्ता रुंद करताना एखादा दगड जागचा हललेला असू शकतो, हेही पाच-सहा दगड धरून चालल्यास ध्यानी येते. म्हणून लांब अंतर घ्यावे आणि तीन वेळा मोजून सरासरी काढावी.

त्याच फेरीत अंतरमापकाचे आकडेही टिपावेत. तो दंतचक्रांवर चालतो. चुंबकाशी व स्प्रिंगशी त्याचा संबंध नाही. दगडांप्रमाणे दहा किलोमीटर झाले असता अंतरमापकही दहाच दाखवीत असेल आणि काटा मात्र चुकत असेल, तर दोष तबकडीच्या पोटात आहे. दोघेही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर दोष टायरमध्ये किंवा दंतचक्रांत शोधावा. वैद्याने नाडीवरून रोगाचे स्थान ओळखावे, तसा हा प्रकार आहे. उपग्रहांच्या आधारे वेग सांगणारा मोबाइलही स्थिर वेगात उत्तम साक्षीदार ठरतो. परंतु दोष कोठे आहे, हे तो एकटा सांगू शकत नाही.

काटा थोडा पुढे असणे हा दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमाने काट्यास मर्यादेत अधिक सांगण्याची मुभा दिली आहे. खऱ्या वेगाहून कमी सांगण्याची मात्र मुळीच नाही. कारण उघड आहे. काटा साठावर असता किलोमीटरला छप्पन्नच सेकंद लागले, तर खरा वेग चौसष्टाच्या वर आहे. चूक सात टक्क्यांची दिसते; परंतु थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ब्रेक लावल्यावर गाडी सुमारे पंधरा टक्के अधिक पुढे जाते. साठाच्या हिशेबाने जी गाडी पादचाऱ्यापासून हातभर अंतरावर थांबावयाची, ती त्याच्यावर जाऊन आदळते. रात्रपाळी आटोपून घरी निघालेल्या माणसाला त्या क्षणी हिशेब मांडण्यास वेळ नसतो. तो हिशेब आधीच, एखाद्या निवांत सकाळी, रस्त्याकडेच्या दगडांच्या साक्षीने करून ठेवावयाचा असतो.