वारीची पडशी भरताना

ज्येष्ठ महिना लागला की अकलूज परिसरात वारीला निघण्याची गडबड सुरू होते. सराटीला नीरास्नान उरकून तुकोबारायांची पालखी आपल्या गावी येते, सदाशिवराव माने विद्यालयाच्या पटांगणात रिंगण होते. हा सोहळा सर्वांच्या परिचयाचा. पण देहूपासून चालत आलेला वारकरी तोवर सुमारे दोन आठवडे राहुटीत, शाळेच्या ओसरीवर नाहीतर झाडाखाली झोपलेला असतो. तेव्हा निघण्यापूर्वी पडशीत काय घातले, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

पहिली गोष्ट म्हणजे सामानाचे दोन भाग करावेत. वळकटी, जादा कपडे दिंडीच्या ट्रकमध्ये जातात आणि ट्रक भेटतो तो संध्याकाळी. म्हणून रोजची औषधे ट्रकमध्ये कधीही टाकू नयेत, ती खांद्यावरच्या पिशवीत हवीत. रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे वारीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्यावीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी बाटली उन्हात तापू देऊ नये; प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वरून ओले फडके गुंडाळावे. बर्फात मात्र पुरू नये, गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

मधुमेही वारकऱ्यांची अडचण दुहेरी असते. चालण्याने साखर उतरते, आणि वाटेत ठिकठिकाणी कोणीतरी ‘माउली’ म्हणून गोड चहा नाहीतर लाडू पुढे करतो. नाही म्हणवत नाही, हे आम्हालाही कळते! तरी जेवणाची वेळ चुकवू नये आणि खडीसाखर खिशात असावी. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाल्यास ती लगेच तोंडात टाकावी. एकादशीच्या उपवासाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

नवी चप्पल वारीत घालू नये. महिनाभर आधी रोज पहाटे चालण्याचा सराव करावा आणि तो त्याच पादत्राणांत करावा. फोड आल्यास सुईदोऱ्याने फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी, कारण तेथूनच जंतू शिरतात. स्वच्छ धुऊन कोरडी पट्टी बांधावी. मधुमेह्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा रुतला तरी कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी सोबत्याकडून तळवे पाहून घ्यावेत.

पाणी टँकरचे असो वा विहिरीचे, गढूळ असल्यास फडक्याने गाळावे आणि क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्ध्या तासाने प्यावे. जुन्या काळी पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी येत, त्या दूषित पाण्यामुळेच. जुलाब झाल्यास सरकारी क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवावी व ते पाणी चोवीस तासांत संपवावे. पुडी नसल्यास लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्यावा, मीठ वाढू देऊ नये.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यात जीव जातो. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश बहुधा दुखत नाही, सूज नसते, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. दमणूक झाली, अपचन झाले, असे समजून लोक पडून राहतात आणि तेवढ्यात श्वास मंदावतो. असे दिसताच चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक शोधणे यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे प्रतिविष मोफत मिळते. मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचून झोपल्यास डासांबरोबर सापापासूनही संरक्षण होते. वजन फार नाही, ती वळकटीतच गुंडाळावी. बॅटरी मात्र उशाशी हवी.

शेवटी एक कागद. त्यावर नाव, गाव, घरचा फोन, दिंडीचा क्रमांक, चालू औषधे व कशाची ॲलर्जी असल्यास ती लिहावी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवावा. भगिनींनी तो चंचीत ठेवला तरी चालेल.