ओळखीचे शब्दच अवघड असतात

जुलै महिन्यात लोणावळ्याच्या शाळेत वर्गाची खिडकी उघडी राहिली, तर ढग सरळ आत येतो. बाकं ओलसर होतात, फळ्यावर खडू उमटत नाही. ढग कसा असतो हे इथल्या मुलाला चित्रात दाखवायची गरज नाही, ते ढगातून चालतच शाळेत आलेलं असतं. आणि त्याच वर्गात ‘बाष्प’ आणि ‘सांद्रीभवन’ हे शब्द फळ्यावर आले की तेच मूल मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतं. खिडकीतून आत आलेल्या गोष्टीशीच या शब्दांचा संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

यात मुलाचा काही दोष नाही. प्राथमिक शाळेत विज्ञानाचे शब्द कसे शिकवावेत, याबद्दल आपणा मोठ्यांच्याच डोक्यात काही समजुती घट्ट बसल्या आहेत. लोणावळ्याच्या भोवतालच्या मावळातली उदाहरणं घेऊन त्या तपासून बघू.

गैरसमज : मराठी शास्त्रीय शब्द जड, इंग्रजी सोपे. म्हणून विज्ञान पहिल्यापासून सेमी इंग्रजीतूनच हवं.

वस्तुस्थिती : सातवीच्या वर्गात शिक्षक सांगतात, ‘लाईट’ हा ऊर्जेचा एक प्रकार आहे. कामशेतच्या मुलाला ‘लाईट’ माहीत आहे. वादळात जाते ती लाईट, महिन्याला जिचं बिल येतं ती लाईट. त्याच्या मराठीत ‘लाईट’ म्हणजे वीज. सूर्याचा, काजव्याचा, चुलीतल्या जाळाचा तो ‘उजेड’. त्यामुळे वाक्य ऐकून ते मान डोलावतं आणि भलताच अर्थ घेऊन घरी जातं. ‘प्रकाश’ म्हटलं असतं, तर निदान हा घोळ टळला असता.

‘गॅस’चंही असंच आहे. घरात गॅस संपतो, गॅस बारीक करायचा असतो, आजीच्या पोटात गॅस होतो. मग स्थायू, द्रव आणि ‘गॅस’ अशा तीन अवस्था सांगितल्या की मुलाच्या डोळ्यांपुढे लाल सिलिंडर उभा राहतो. आणि त्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये बहुतांश द्रवच भरलेला असतो! दाबाखाली द्रव झालेला तो वायू बाहेर पडताना पुन्हा वायू होतो. हे एकदा कळलं की अवस्थाबदल आयुष्यभर विसरत नाही. पण त्यासाठी आधी घरातला ‘गॅस’ आणि विज्ञानातला ‘वायू’ वेगळे करून दाखवावे लागतात. ‘सेल’ तर तीन-तीन आहेत : टॉर्चमधला, कपड्यांच्या दुकानातला आणि शरीरातला. तिसऱ्याला मराठीत ‘पेशी’ हा स्वच्छ, वेगळा शब्द तयार आहे.

इंग्रजी शब्द सोपे वाटतात ते कानांवरून गेलेले असतात म्हणून. आत डोकावलं तर तेही घडवलेलेच आहेत. विद्युतधारेवरच्या प्रयोगांसाठी शब्द अपुरे पडले, तेव्हा १८३४ मध्ये मायकेल फॅरडेने विल्यम ह्यूएल या विद्वानाला पत्र लिहून ते मागितले आणि ‘ॲनोड’, ‘कॅथोड’, ‘आयन’ हे शब्द ग्रीकमधून घडले. ‘ऑक्सिजन’चा मूळ अर्थ आम्ल तयार करणारा. नाव लाव्हाझिएचं आणि त्यामागची समजूत चुकीची, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. काजव्याला इंग्रजीत ‘फायरफ्लाय’ म्हणतात, पण काजवा माशी नाही, भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे. राजमाचीच्या वाटेवर मे-जूनमध्ये झाडंच्या झाडं लुकलुकताना पाहिलेल्या मुलाला हे सांगून बघा, ते लगेच काजवा पकडून त्याचे पंख तपासायला निघेल.

मराठीत शब्द आहेत म्हणून इंग्रजी नको, असं मी म्हणत नाही. पुढे मुलाला दोन्ही लागणार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे आणि विज्ञानाची पुस्तकंही त्यात येतात. अर्थ एका भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेतलं नाव जोडायला फार वेळ लागत नाही. अर्थच नसेल तर मात्र दोन्ही नावं नुसती टांगलेली राहतात.

गैरसमज : कठीण असतात ते ‘प्रकाशसंश्लेषण’सारखे लांबलचक शब्द. ‘पदार्थ’, ‘प्राणी’, ‘कार्य’ हे तर मुलांना येतातच.

वस्तुस्थिती : माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. लांब शब्द नवा आहे हे मुलाला कळतं, म्हणून ते सावध होतं, विचारतं. ओळखीचा शब्द मात्र जुन्याच अर्थाने आत शिरतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘पदार्थ’ घ्या. घरी पदार्थ म्हणजे पुरणपोळी, भजी, पाहुण्यांसाठी केलेलं काहीतरी खास. विज्ञानात हवा हाही पदार्थ, पाटीही पदार्थ, आणि शेजारच्या बाकावरचा मित्रसुद्धा पदार्थांचाच बनलेला. ‘धातू’ म्हणजे मराठीच्या तासाला ‘कर’, ‘जा’, ‘बस’, आणि पुढच्याच तासाला तांबं, लोखंड. ‘कार्य’ म्हणजे लग्न, नाहीतर दहाव्याचं. मग विज्ञानात ऐकावं लागतं की डोक्यावर भाताचं पोतं घेऊन तासभर नुसतं उभं राहिलं तर कार्य शून्य! मान मोडून आलेल्या बापाचं पोर हे कसं मानेल? त्याचा राग योग्यच आहे. इथे शिक्षकाने थांबायला हवं. बापाचे कष्ट खोटे नाहीत, विज्ञानाने हा शब्द फक्त एका अरुंद कामासाठी वापरायला घेतला आहे. बल लावलं आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच त्याला कार्य म्हणायचं ठरलं आहे. एवढं स्पष्ट सांगितलं की मुलं ऐकतात.

‘प्राणी’ या शब्दाचा अभ्यासच झालेला आहे. न्यूझीलंडमध्ये बेव्हर्ली बेल यांनी १९८१ च्या सुमारास मुलांना विचारलं की यातला प्राणी कोणता. गाय सगळ्यांना प्राणी वाटली; कोळी, गांडूळ आणि माणूस अनेकांना वाटला नाही. आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. मावळातल्या गावात संध्याकाळी कुणी म्हणालं, ‘वाटेत जनावर आहे,’ तर ते गाईगुरांबद्दल बोलत नसतं. अंधार पडल्यावर सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून तो ‘जनावर’. एकाच शब्दात बैल आणि साप, पण माणूस नाही. ज्याला प्राण आहे तो प्राणी, हा शब्दातला अर्थ उलगडला, तर खेकडा, गांडूळ आणि आपण स्वतः एका रांगेत येऊन बसतो.

आणि ‘वितळणे’–‘विरघळणे’. मराठीने हे दोन वेगळे शब्द दिले आहेत, तरी बोलताना आपण ‘बर्फ विरघळला’ म्हणतो. लोणावळ्यात हा फरक शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. चिक्कीसाठी कोरड्या कढईत टाकलेला गूळ वितळतो. तोच गूळ चहात विरघळतो. वितळायला उष्णता पुरते, विरघळायला सोबतीला दुसरा पदार्थ लागतो. पाक झाला का हे बघायला कारागीर त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो, आणि थेंब कडक झाला की पाक उतरवतो. द्रवाचा स्थायू होतो तो तिथेच, डोळ्यांदेखत.

‘वाफ’ हा शब्दही असाच फसवा. कुकरच्या शिट्टीतून निघणारं पांढरं आपण वाफ म्हणतो. खरं तर ते पाण्याचे बारीक थेंब आहेत. शिट्टीच्या अगदी तोंडाशी, पांढरं सुरू होण्याआधी, एक बोटभर काहीच दिसत नाही. दुरूनच, हात न लावता, ती रिकामी जागा मुलांना दाखवावी, कारण खरी वाफ तिथे आहे, आणि ती दिसत नाही. म्हणून पुस्तक ‘बाष्प’ असा वेगळा शब्द वापरतं. खिडकीतून आलेलं ते पांढरंही बाष्प नव्हे, थेंबच. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाटाच्या कड्यांना अडते, वर चढते, गार होते, आणि न दिसणारं बाष्प दिसणारे थेंब होतं. म्हणूनच लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. ही दोन गावं आणि लोणावळ्याच्या समुद्राकडच्या बाजूचा घाट नकाशावर दाखवले, की ‘सांद्रीभवन’ला पाय फुटतात.

गैरसमज : आधी व्याख्या पाठ झाली पाहिजे, समज मागून येते.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ती मागून येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ब्रायन ब्राऊन आणि किह्युन र्यू यांनी २००८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचवीच्या मुलांचे दोन गट. एका गटाला प्रकाशसंश्लेषण आधी रोजच्या बोलीत समजावलं आणि शास्त्रीय शब्द नंतर दिले, दुसऱ्याला सुरुवातीपासून शास्त्रीय भाषेतच शिकवलं. पहिल्या गटाला विषय अधिक समजला, आणि शास्त्रीय भाषेत मांडताही अधिक चांगला आला.

वळवण धरणावर सहल नेऊन ‘स्थितिज ऊर्जा’ची व्याख्या घोकायला लावणं हा त्याच्या अगदी उलटा प्रकार. आधी विचारावं की हे पाणी इथे वर अडवून का ठेवलंय. मुलं अंदाज करतील. मग सांगावं की हे पाणी नळांतून पाचशे मीटरहून खोल, घाटाखाली खोपोलीला जातं आणि तिथे चाकं फिरवतं. टाटांचं ते वीजकेंद्र १९१५ पासून चालू आहे. उंचावर नुसत्या थांबलेल्या पाण्यातही काहीतरी साठलेलं असतं, हे मुलांनी स्वतः म्हटलं, की त्या ‘काहीतरी’ला नाव द्यायची वेळ झाली.

गैरसमज : घरची बोली विज्ञानाच्या आड येते.

वस्तुस्थिती : ठाकर किंवा कातकरी वस्तीतलं मूल ‘वनस्पती’ या शब्दावर अडखळेल. पण पहिल्या पावसानंतर रानातला टाकळा, कुर्डू, भारंगी त्याला पानावरून ओळखता येते, जे शिकवणाऱ्याला अनेकदा येत नाही. शेवळं खाजतात, म्हणून ती आंबट घालून शिजवायची, हेही त्याला ठाऊक असतं. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते. ‘खाजरं’ हा शब्द म्हणजे निरीक्षण आहे, स्फटिक हे त्या निरीक्षणाचं कारण. दुसरं शिकवण्यासाठी पहिलं पुसायचं कशाला?

तसंच ‘मोड’ आणि ‘अंकुर’, ‘डीपी’ आणि ‘रोहित्र’. ‘वाण’ हा शब्द तर शेतकऱ्याच्या तोंडात आणि शास्त्रज्ञाच्या कागदात एकच आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहोराच्या संकरातून झालेला वाण. मुलाच्या डब्यातल्या भातातच ‘संकर’ या शब्दाचा धडा आहे. वहीत दोन रकाने आखून एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकातला, एवढंच केलं तरी पुष्कळ.

गैरसमज : मराठीतून विज्ञान हा अलीकडचा सरकारी खटाटोप.

वस्तुस्थिती : बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० चं, आणि त्यात विज्ञानाचे विषय मराठीत येत. त्याआधी १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. मावळापुरतं बोलायचं, तर तळेगाव दाभाड्यात विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरून उभं राहिलं.

गैरसमज : संस्कृतातून घेतलेले शब्द सगळ्या भारतीय भाषांत सारखेच.

वस्तुस्थिती : मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यांत लहान कण आणि अणू जोडले की रेणू. हिंदीत तो लहान कण ‘परमाणु’, आणि ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबांतली मुलं घरी हिंदी व्हिडिओ बघून शाळेत मराठीत उत्तर लिहितात, आणि बरोबर समजलेलं उत्तर चुकतं. हे शिक्षकाला ठाऊक हवं.

गैरसमज : एकदा शिकवला की शब्द आला.

वस्तुस्थिती : जुलैत शिकवलेलं ‘सांद्रीभवन’ सप्टेंबरच्या चाचणीत लिहिलं जातं आणि दिवाळीच्या सुट्टीत निघून जातं. ते डिसेंबरात परत आणावं लागतं, पवन मावळात सकाळी गवतावर दहिवर पडलेलं असतं तेव्हा. आणि एप्रिलमध्ये पुन्हा, गार पाण्याच्या ग्लासाभोवती पाणी जमतं तेव्हा. हे पाणी कुठून आलं असं विचारलं की मुलं ठामपणे सांगतात, आतलं झिरपलं. नाही म्हणू नये. ग्लासात थोडं कोकम सरबत ओतावं, बर्फ घालावा आणि वाट बघावी. बाहेर थेंब येतात. एक मूल बोट फिरवून ते चाटतं. पाणी आंबट नाही, लालही नाही.